नोटरीच्या खुर्चीवर माझा हक्क आधीचा

मंगळवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७:२०

अन्याय झाला तो बरोबर या वेळी. गाडीतल्या घड्याळावर पाहून लिहिते आहे. अक्षर हललंय ते थंडीने.

हकीकत अशी. 'सनराइज बिझनेस सर्कल' नावाचं मंडळ दर मंगळवारी सकाळी सातला इथे पॅनकेकच्या हॉटेलात जमतं. नियम एकच: एका धंद्याचा एकच माणूस. एक विमेवाला, एक प्लंबर, एक दातांचा डॉक्टर. मग वर्षभर हे एकमेकांकडे गिऱ्हाइकं पाठवतात. नोटरीची खुर्ची नाताळापासून रिकामी होती. जो आधी येईल त्याची, असं त्यांनी स्वतः जाहीर केलं होतं.

मी साडेसहाला आले. पार्किंगमध्ये माझ्याआधी फक्त कचऱ्याचा ट्रक. लगेच आत गेले नाही, कारण नव्या जागी आधी पाहणी करावी. दार कुठे, उजेड कसा, माणसं कुठल्या प्रतीची. पाहणी चालू असतानाच एक टोपीवाला पिकअपमधून उतरला, दारातल्या दोघांच्या पाठीवर थापा मारून आत गेला. काचेतून दिसलं, अध्यक्षाने पितळी घंटा वाजवली आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

वेट्रेस सिगारेट ओढायला बाहेर आली. काच दोन बोटं खाली करून विचारलं. म्हणाली, नवा नोटरी मिळालाय त्यांना. लाइल बर्केट, तो बोलिंग अ‍ॅलीवाला. आणि तुम्ही कोणासाठी थांबलाय, मावशी?

मी हिची मावशी नाही. काच वर केली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांत डोक्याने लिहिते.

मी नेटवर्किंगला घाबरते, असं माझी बहीण टेरी म्हणते. घाबरण्याचा प्रश्नच नाही. मी एकतीस वर्षं काउंटीच्या दस्तनोंदणी कचेरीत काढली. भलेभले वकील माझ्या खिडकीपुढे टोपी काढून उभे राहत. शिक्का पुसट असला, तारीख राहिली, सही रेषेबाहेर गेली, की मी कागद परत करायची. टोलिडो शहरात असं घर नसेल ज्याचं खरेदीखत मी एकदा तरी परत केलं नाही. याला ओळख नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं.

प्रश्न संस्कारांचा आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अल्फोन्सा सांगायच्या, चांगल्या घरची मुलगी स्वतःची ओळख स्वतः करून देत नाही. तिची ओळख करून दिली जाते. आज मंडळाने दारात एक माणूस ठेवला असता तर मी ताबडतोब उतरले असते.

रविवार, ८ फेब्रुवारी

टेरीचा फोन. ती अ‍ॅरिझोनात टूसानला राहते, तीन बुटक्या कुत्र्यांसह. नाताळात तिने माझ्याकडून शब्द घेतला: ईस्टरपर्यंत तुझा नोटरीचा धंदा उभा राहिला तर राहा तिथे. नाही राहिला तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. एडभाऊजी जाऊन चार वर्षं झाली, तू दिवसभर कोणाशी बोलतेस तरी का, म्हणाली. मी शब्द दिला, कारण हरण्याचा संभव नव्हता.

आज म्हणते कशी, अगं, वकील नाहीस, काही नाहीस, नुसते शिक्के मारायचे, त्यात इतकं काय अवघड आहे? लोकांना सांग की झालं, मी आहे म्हणून. मी म्हटलं, बोर्ड लावलाय खिडकीत. ती म्हणाली, पडदा उघडा ठेवतेस ना?

पडदा अर्धा असतो. पूर्ण उघडला की रस्त्यावरचे लोक आत बघतात.

फोन ठेवताना म्हणाली, पार्सल पाठवलंय, गुडघे सांभाळ.

बुधवार, ११ फेब्रुवारी

पार्सल आलं. सेंट जोसेफची वीतभर प्लास्टिकची मूर्ती. अंगणात उलटी पुरली की घर लवकर विकलं जातं, असं इथे अर्धी कॅथलिक वस्ती मानते. दुसऱ्या अर्धीने एकदा तरी पुरलेली असते. सोबत छोटं फावडंसुद्धा. टेरीचा निर्लज्जपणा.

मी त्याला सरळ उभा करून टेबलावर ठेवला. जोसेफ सुतार होता, कष्टाळू माणूस. धंद्याला मदत करेल.

संकल्प: रोज त्याच्यासमोर एका मिनिटात स्वतःची ओळख म्हणायची. आज पहिला प्रयोग. उत्तम झाला. फक्त नाव सांगितल्यावर थांबले, कारण पुढचं त्याला माहीतच आहे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. पहाटे

पाँचकीचा दिवस. उद्यापासून लेंटचे उपास, म्हणून आज सगळं पोलिश टोलिडो जॅम भरलेले ते तळणीचे गोळे घ्यायला बेकरीपुढे रांग लावतं. रांग म्हणजे हातची संधी. कोणी पळून जाऊ शकत नाही. पुढच्याशी आणि मागच्याशी, असं दोघांशी बोलायचं ठरवून निघाले. पर्समध्ये छापलेली कार्डं.

सकाळी ९

पुढे उभा होता लाइल बर्केट. मंडळासाठी चार डझन घेत होता. मागे वळून म्हणाला, काय गारठा आहे, नाही का? जॅम की कस्टर्ड? मी म्हटलं, प्रून, जुन्या रीतीचं आलुबुखाऱ्याचं. तो म्हणाला, वा, जुनं खानदान. एवढ्यावर त्याने मागच्या बाईला, तिच्या सासूला आणि बेकरीच्या मालकाला माझी ओळख करून दिली: या प्रूनवाल्या. नाव विचारलं नाही, त्यामुळे मीही सांगितलं नाही. तोपर्यंत त्याने तिघांना आपलं कार्ड दिलं होतं. त्या कार्डावर अजून बोलिंग अ‍ॅलीचाच फोटो आहे, नोटरी पेनने लिहिलंय.

पेनने.

माझी कार्डं जाड कागदावर उठावाच्या अक्षरांत छापली आहेत. अशी वस्तू रांगेत वाटायची नसते.

पाँचकी सहा आणल्या. पाच खाल्ल्या, कारण उद्यापासून उपास.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. रात्री

लेंटचा पहिला शुक्रवार. चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाचं जेवण. सहाशे माणूस. याहून मोठं मैदान नाही. संकल्प: निदान दहा टेबलांवर जाऊन बोलणे.

हॉलच्या दारात गेले तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाकघरात माणसं कमी आहेत. कर्तव्य आधी. केसांना जाळी लावली आणि कोबीच्या कोशिंबिरीच्या काउंटरमागे उभी राहिले. एक प्रकारे हे बरंच झालं. सहाशे माणसं माझ्यासमोरून गेली. प्रत्येकाला मी एक डाव कोशिंबीर दिली. डाव सपाट. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही.

एक लालबुंद गृहस्थ ताट पुढे करून म्हणाला, तुम्ही त्या नोंदणीवाल्या बाई ना? आमच्या बापाच्या घराचा कागद तीनदा परत केलात. मी म्हटलं, साक्षीदाराची सही निळ्या शाईत नव्हती. तो म्हणाला, निळी सापडेपर्यंत बाप गेला ना, बाई.

लोक लक्षात ठेवतात. कामाची हीच खरी जाहिरात.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. रात्री

नवी युक्ती. तोंड उघडायची गरजच नाही. माशाच्या प्रत्येक ट्रेमध्ये कागदी रुमालाखाली एक कार्ड सरकवून दिलं. माणूस खाणार, तोंड पुसणार, आणि समोर माझं नाव. सिस्टर अल्फोन्साही याला स्वतःहून पुढे पुढे करणं म्हणाल्या नसत्या.

साडेसातला फादर क्रोलिक माइकवर आले. म्हणाले, मंडळी, कोणाच्या तरी माशात कागद निघालाय, लहान मुलांची ताटं तपासा. एक आजोबा अर्धं कार्ड खाऊन बसले होते. फादर पुढे म्हणाले, कागद फार जाड आहे, ज्याचा असेल त्याने न्यावा.

मी पुढे झाले नाही. त्याने प्रसंगाचं गांभीर्य उगाच वाढलं असतं. उरलेली कार्डं ओव्हनच्या मागे टाकली. तेलात भिजल्यावर उठावाची अक्षरं आणखी उठून दिसतात, हे लक्षात आलं. दर्जा.

गुरुवार, ५ मार्च

गिऱ्हाईक आलं. पहिलं. धंदा उभा राहिला.

शेजारच्या गल्लीतले मिस्टर ओसोव्स्की. मुलाला गाडी नावावर करून द्यायची होती. अर्धा पडदा असूनही बोर्ड दिसला, म्हणाले. टेरीला कळवायला हवं.

बसवलं, कॉफी दिली, ओळखपत्र मागितलं. लायसन्सची मुदत संपलेली. मी म्हटलं, चालणार नाही. ते म्हणाले, अहो डुडेकबाई, वीस वर्षं तुमच्या खिडकीखालून कुत्रा फिरवतोय मी. मी म्हटलं, कुत्रा ओळखपत्र नाही. ते गेले. कॉफी तशीच राहिली.

कचेरीतले दिवस आठवले. फार समाधान वाटलं.

शनिवार, ७ मार्च

ओसोव्स्की इथून थेट लाइलकडे गेले. मला वाटलं, आता सापडला. मुदत संपलेल्या लायसन्सवर शिक्का मारला असणार, तक्रार करते. पण लाइलनेही नाही म्हटलं. आणि मग त्यांना स्वतःच्या पिकअपमध्ये घालून लायसन्सच्या कचेरीत नेलं, रांगेत सोबत बसला, नवं काढून दिलं, आणि मग शिक्का मारला. हे ओसोव्स्कीबाईंनी मला दुधाच्या दुकानात सांगितलं, मी न विचारता, दोनदा.

काही लोकांना वेळच वेळ असतो.

गुरुवार, १९ मार्च

आज सेंट जोसेफचा सण. आणि दुपारी फोन. मंडळाचे अध्यक्ष स्किप हॅनरहन, विमेवाले. मी नाव ओळखून गप्प राहिले. समोरच्याला बोलू द्यावं.

म्हणाले, लाइल सांगतोय की फेब्रुवारीत तुम्ही त्याच्या आधी आला होतात. वेट्रेसने त्याला गाडीतल्या बाईंबद्दल सांगितलं, ओसोव्स्कींनी तुमचं नाव. तो म्हणतो, खुर्ची त्या बाईंची आहे, मी चुकून बसलो, मला नको. तेव्हा येत्या मंगळवारी या. सातला. उभं राहायचं, एक मिनिट बोलायचं, मी घंटा वाजवणार, टाळ्या, पॅनकेक. झालं. हां, एवढंच, की आत यायचं, बरं का.

हसले. विमेवाले कशालाही हसतात.

म्हणजे सत्य बाहेर आलंच. मी कोणापुढे हात पसरला नाही, कोणाच्या पाठीवर थाप मारली नाही. नुसती साडेसहाला आले होते. टेरीला फोन करून सांगितलं की ईस्टरला तूच इकडे ये. ती म्हणाली, अगं, खरंच? मला आनंदच होईल, रोझलिन. मी पडदे उघडले. पूर्ण.

एडने बसवलेल्या स्वयंपाकघराच्या फरशा घासल्या. त्यातली एक वाकडी आहे. कोणी दुसरा राहायला आला तर पहिली तीच काढेल.

सोमवार, २३ मार्च

भाषण तयार. माझं नाव रोझलिन डुडेक. मी नोटरी आहे. मी घरी येते, रुग्णालयात येते, वेळेवर येते. जोसेफसमोर अकरा वेळा म्हटलं. शेवटी शेवटी तोच म्हणतोय असं वाटायला लागलं.

निळा सूट. बुटांना पॉलिश. उद्या पाहणीची गरज नाही, ती झालेली आहे.

मंगळवार, २४ मार्च. सकाळी ७:२०

गाडीत आहे.

सहा वाजता आले. काचेतून सगळे दिसत होते. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी. तिच्यावर त्यांनी कागदाचा झेंडा लावला होता, त्यावर माझं नाव. नाव इतकं मोठं लिहायची आवश्यकता नव्हती. लोक त्याकडे बघत होते. आत शिरलं असतं तर तेच लोक माझ्याकडे बघणार होते, एकदम, चोवीस जण, तोंडात पॅनकेक असताना. भाषणातलं पहिलं वाक्य आठवत होतं. दुसरं आठवत होतं. दाराचं हँडल कोणत्या बाजूला फिरतं ते आठवेना.

सात वाजून गेल्यावर काचेवर टकटक. लाइल. टोपी हातात, थंडीत केस उभे. म्हणाला, डुडेकबाई, येताय ना? सगळे थांबलेत. मी म्हटलं, मी एका व्यक्तीची वाट पाहते आहे. का म्हटलं ते सांगता येणार नाही. तोंडातून गेलं. तो म्हणाला, बरं बरं. आत गेला. मला वाटलं संपलं. परत आला तो कागदी कपात कॉफी घेऊन. म्हणाला, वाट बघायची तर गरम काहीतरी हवं. पहिल्या दिवशी बोलिंगची लीग चालवली ना, तेव्हा मी संडासात जाऊन बसलो होतो, बायकोने मला बाहेर काढलं. आणि मग उगाच टायरला लाथ मारून म्हणाला, हवा ठीक आहे हां.

कॉफीत साखर होती. मी साखर घेत नाही. प्यायले.

आत्ताच घंटा वाजली. टाळ्या. झेंडा काढला. लाइल त्या खुर्चीवर बसला. उभ्या उभ्याच खायचा विचार होता त्याचा, त्यांनी बसवला.

शुक्रवार, २७ मार्च

विचार केला. माझी चूक कुठेही नाही.

निमंत्रण फोनवर आलं, लेखी नाही. अध्यक्ष स्वतः बाहेर आले नाहीत. जो आला तो खुर्चीचा प्रतिस्पर्धी. त्याला मला आत नेण्याचा अधिकार नव्हता. शिवाय घंटा. कोणत्या सभ्य समाजात माणसाला घंटा वाजवून बोलवतात? गाईंना बोलवतात.

लेखी तक्रार करणार. सोबत शपथेवरचं प्रतिज्ञापत्र जोडणार, म्हणजे कोणाला शंका नको. आज मसुदा पूर्ण केला, सही केली, शिक्का काढला, आणि मग लक्षात आलं. स्वतःच्या शपथेवर स्वतःचा शिक्का मारता येत नाही. दुसरा नोटरी लागतो.

बँकेतला नोटरी सुटीवर आहे. दवाखान्यातली फक्त रुग्णांचं करते.

जवळपास एकच उरतो.

मंगळवार, ३१ मार्च

बोलिंग अ‍ॅली त्याने विकली, पण बसतो अजून तिथेच, खेळायला भाड्याने देतात त्या बुटांच्या काउंटरमागे. पायांचा आणि लिंबाच्या स्प्रेचा वास. मी म्हटलं, कामासाठी आले आहे, वैयक्तिक काही नाही. तो म्हणाला, बसा की. बूट नऊ नंबर?

कागद पुढे ठेवला. तो कागद वाचत नाही, हे मान्य करायला हवं. नोटरीने वाचायचाच नसतो. पण सही पाहून थांबला. म्हणाला, डुडेकबाई, तुम्ही घरीच सही करून आलात.

शपथेचा कागद नोटरीसमोर सही करायचा असतो. एकतीस वर्षांत या एका कारणासाठी मी किती माणसांना परत पाठवलं असेल. चेहरा गरम झाला. तिथे हीटर फार आहे. तो म्हणाला, असू दे, होतं, खाली परत करा एक. मी म्हटलं, एका कागदावर दोन सह्या मी कोणाच्या चालवल्या नाहीत, माझ्याही चालणार नाहीत. त्याने कोरा कागद दिला. मी उभ्याने पुन्हा सगळं उतरून काढलं. मागे कोणीतरी एका चेंडूत सगळ्या पिना पाडल्या, आरडाओरडा झाला.

लिहून झाल्यावर तो म्हणाला, हात वर करा. यात लिहिलेलं सगळं खरं आहे, असं देवाला स्मरून सांगता?

कागदात होतं: मी दोन्ही दिवशी गाडीत 'व्यावसायिक पाहणीसाठी' थांबले होते.

हात वर होता. सिस्टर अल्फोन्सा गेल्याला तीस वर्षं झाली, पण त्या कुठून बघत असतात ते मला माहीत आहे. मी म्हटलं, थांबा, एक दुरुस्ती आहे. ते दोन शब्द खोडले, शेजारी आद्याक्षरं केली, आणि वर लिहिलं 'भीतीमुळे'. ओळीत जागा कमी होती, लहान शब्द हवा होता.

मग शपथ घेतली. सही केली. त्याच्यासमोर.

त्याने शिक्का मारला. वाकडा. मी काही बोलले नाही. पैसे घेतले नाहीत, म्हणाला, नोटरी नोटरीकडून घेत नाही. आणि निघताना म्हणाला, मंगळवारी जागा असतेच, माझ्या शेजारी, पाहुणी म्हणून. मी दारात उभा राहीन.

मी म्हटलं, बघू.

शनिवार, ४ एप्रिल. ईस्टरचा आदला दिवस

परवाच्या फोनमध्ये टेरीने काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, खोलीतून कुत्री काढलीत, पांढरा पडदा लावलाय. मी म्हटलं, अर्धा लाव.

नोटरीचा बोर्ड काढला. तिथे घर विकणाऱ्यांचा लागणार आहे. सेंट जोसेफला पुढच्या अंगणात ठेवलंय, तात्पुरतं. डोकं खाली आहे, कारण माती त्या बाजूने मऊ होती.

मंडळाला पाठवायच्या पत्राची प्रत इथे उतरवून ठेवते:

श्री. स्किप हॅनरहन, अध्यक्ष, यांस. आपल्या मंडळातील नोटरीची खुर्ची जो आधी येईल त्याची, असा आपला नियम आहे. मी दोन्ही वेळा आधी आले होते, याचं शपथपत्र सोबत जोडलं आहे. त्यातील खोडलेल्या ओळीकडे लक्ष देण्याचं कारण नाही. खुर्चीवरचा माझा हक्क मी सोडलेला नाही. श्री. बर्केट यांना त्यावर बसण्यास माझी परवानगी आहे, मात्र ती तात्पुरती समजावी, आणि कॉफीत साखर घालू नये, असं त्यांना कळवावं. आपलं म्हणणं लेखी, सहीनिशी, शुक्रवार, १७ एप्रिल रोजी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. त्यानंतर पाठवणार असाल तर पत्ता बदलला आहे: द्वारा टेरी, टूसान, अ‍ॅरिझोना.